नोमॅडिक

नोमॅडिक : उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जतन केलेले, मूळचे वाफेवर चालणारे प्रवासी टेंडर जहाज. टायटॅनिकची मालक असलेल्या व्हाइट स्टार लाइन या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांपैकी आज हे एकच शिल्लक आहे. मोठ्या आगबोटीला धक्क्याला लागता येत नसेल, तर ती खोल पाण्यात नांगर टाकते आणि तिच्या उतारूंची ने-आण टेंडर करते. कोकणच्या बोटींच्या काळात हेच काम पडाव नावाच्या होड्या करीत.

फ्रान्समधील शेरबुर्ग बंदरात याच कंपनीच्या ऑलिंपिक व टायटॅनिक या प्रचंड बोटींना पुरेल असा धक्का नव्हता. त्यासाठी बेलफास्टमधील हारलँड अँड वुल्फच्या गोदीत नोमॅडिक आणि ट्रॅफिक ही टेंडरची जोडी बांधण्यात आली. नोमॅडिकचे जलावतरण २५ एप्रिल १९११ रोजी झाले. आराखडा टायटॅनिकचेच रचनाकार टॉमस अँड्र्यूज यांचा. लांबी सुमारे ६७ मी., म्हणजे टायटॅनिकच्या चौथा हिस्सा. तरी त्यात १,००० उतारू मावत. पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे उतारू नोमॅडिकवर असत, तिसऱ्या वर्गाचे उतारू आणि टपाल ट्रॅफिकवर. १० एप्रिल १९१२ च्या संध्याकाळी नोमॅडिकने टायटॅनिकवर पोहोचवलेल्यांत जॉन जेकब ॲस्टर, बेंजामिन गुगेनहाइम आणि मार्गारेट ब्राउन हे अमेरिकी धनिक होते. यांपैकी फक्त ब्राउनबाई वाचल्या.

त्या एका संध्याकाळीच नोमॅडिकची ओळख अडकून पडावी, हे खरे तर अन्यायाचे आहे. पहिल्या महायुद्धात त्याने अमेरिकी सैनिक वाहिले, १९४० मध्ये शेरबुर्गमधून माणसे सोडवून नेली आणि पुढे ‘अँजेन्यॉर मिनार’ या नावाने १९६८ पर्यंत क्वीन एलिझाबेथसारख्या बोटींची सेवा केली. ट्रॅफिक मात्र दुसऱ्या महायुद्धात बुडाले.

१९७४ मध्ये नोमॅडिक पॅरिसला नेऊन सीन नदीत तरंगते उपाहारगृह करण्यात आले. नदीवरील पुलांखालून जाण्यासाठी त्याचा वरचा भाग कापावा लागला. ही मोडतोड बघवत नाही. पण तीच झाली नसती, तर जहाज भंगारात गेले असते. १९९९ मध्ये उपाहारगृह बंद पडले. २००३ मध्ये जहाज ओढून फ्रान्समधीलच ल हाव्र बंदरात नेण्यात आले, तेव्हाही भंगाराचीच भीती होती. अखेर जानेवारी २००६ च्या लिलावात उत्तर आयर्लंडच्या शासनाने २,५०,००१ युरोंना ते घेतले आणि त्याच वर्षी जुलैत नोमॅडिक जन्मगावी परतले. २०१३ पासून हॅमिल्टन गोदीत ते सर्वांना पाहता येते. धुराडे व वरचा मजला नव्याने बांधलेले आहेत. रिव्हेट ठोकून जोडलेला पोलादी सांगाडा बव्हंशी १९११ चाच आहे.