शेरीवरची साय

वाइन जितकी जुनी तितकी भारी, हे आपल्याकडे वाइनचा थेंबही न चाखलेला माणूस छातीठोकपणे सांगतो. विमानतळावरच्या करमुक्त दुकानात शेरी या स्पॅनिश वाइनच्या एखाद्या बाटलीवर एकोणिसाव्या शतकातलं साल आणि शेजारी ‘सोलेरा’ असं छापलेलं दिसलं, की मग विचारायलाच नको. किंमत पटते, पाकीट उघडतं. सोलेरा म्हणजे जुन्या वाइनमध्ये नवी मिसळत नेणारी पिंपांची मांडणी, आणि ते साल फक्त ती मांडणी कधी सुरू झाली तेवढंच सांगतं. बाटलीत दीडशे वर्षांची वाइन नसते. मग किती वर्षांची असते? त्याला चोख गणित आहे. मात्र मला त्या गणितापेक्षा पिंपात राहणाऱ्या यीस्टचं कौतुक जास्त, त्यामुळे गणिताने जरा दम धरावा.

स्पेनच्या नैऋत्येला कादिस प्रांतात हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बारामेदा आणि एल प्वेर्तो दे सांता मारिया या तीन गावांचा त्रिकोण आहे. शेरी परंपरेने मुरते ती इथेच. फिनिशियन व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावर द्राक्षवेल आणली असं मानतात. पुढे रोमन आले, नंतर पाचशेहून जास्त वर्षं मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांची, सत्ता होती, आणि १२६४ मध्ये कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने हेरेस घेतलं. १५८७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने कादिस बंदरावर छापा घालून सुमारे २,९०० पिंपं पळवली. इंग्लंडला शेरीची गोडी या लुटीनंतर लागली, असं इंग्रज मोठ्या कौतुकाने सांगतात. फुकटचं गोड लागतंच.

या साऱ्या काळात हेरेसची वाइन बहुतेक कोवळीच जहाजावर चढायची. १७३३ मध्ये तिथल्या द्राक्ष बागायतदारांचा संघ स्थापन झाला. भाव संघ ठरवायचा, आणि वाइन साठवून जुनी करण्यावर त्याची बंधनं होती, कारण साठा हाती आला की व्यापारी भाव पाडणार ही धास्ती. व्यापाऱ्यांना मात्र दरवर्षी एकसारखी चव देणारा माल हवा होता. ही ओढाताण बरीच वर्षं चालली आणि १८३४ मध्ये संघ बरखास्त झाला. मग साठवणीच्या प्रचंड इमारती, म्हणजे बोदेगा, भराभर उभ्या राहिल्या. आज प्राचीन परंपरा म्हणून मिरवली जाणारी सोलेरा पद्धत ही अशी अलीकडची, बाजाराच्या गरजेतून आलेली आहे.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. इथली ‘अल्बारिसा’ माती चुनखडीने पांढरीफटक असते. उन्हात तिच्याकडे बघवत नाही. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची, डायॅटम या सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांनी भरलेली ही माती आहे. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच. त्यामुळे काढणी झाली की दोन ओळींच्या मध्ये चौकोनी खड्डे काढतात आणि हिवाळ्याचा पाऊस जागच्या जागी अडवून जिरवतात. उन्हाळ्यात वरची माती कडक होते, खालची ओल उडून जात नाही, आणि वेलींची मुळं तिच्या शोधात खोल खोल जातात.

आता यीस्ट. पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचा रस आंबतो, म्हणजे यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. इथवर शाळेतलंच आहे. साखर संपली की एरवीचं यीस्ट तळाशी बसतं आणि त्याचा कारभार आटोपतो. हेरेसच्या पिंपात मात्र काही पेशी तळ सोडून वर येतात, पृष्ठभागावर एकमेकींना बिलगतात, आणि काही आठवड्यांत वाइनवर साय धरते. तिला तिकडे ‘फ्लोर’ म्हणतात. काही बोदेगांमध्ये पाहुण्यांसाठी पिंपाचा एक तोंडाचा भाग काचेचा केलेला असतो. त्यातून हा थर नीट दिसतो: हस्तिदंती रंग, वर सुरकुत्या आणि घड्या, खाली सोनेरी वाइन, आणि तळाला मेलेल्या पेशींचा करडा गाळ.

पेशी पाण्यापेक्षा जड असते. मग ती तरंगते कशी? याचं उत्तर एफएलओ११ या जनुकात आहे. हे जनुक पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन बनवतं आणि त्या प्रथिनाला पाण्याचं वावडं असतं. अशा पेशी पाण्यापासून अंग चोरत एकमेकींना चिकटतात, त्यांच्या पुंजक्यांत वायूचे बुडबुडे अडकतात, आणि पुंजका वर उचलला जातो. साध्या यीस्टमध्येही हे जनुक असतं, पण बहुधा दाबून ठेवलेलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्लोर-यीस्टच्या या जनुकात दोन बदल सापडले. जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातले १११ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गळून गेले होते, म्हणजे त्याला दाबून ठेवणारी व्यवस्थाच मोडली होती. आणि प्रथिनाच्या मधल्या, तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाची फेररचना होऊन ते आणखी पाणीद्वेष्टं झालं होतं. जनुकावरचा दाब सुटला आणि पेशी तरंगायला लागली. पिंपातली अंधारी वाइन ही उत्क्रांतीची इतकी कडक परीक्षा ठरली, कारण साखर संपल्यावर जगायचं तर हवा लागते आणि हवा फक्त वर असते.

हवा कशासाठी? आधी बनवलेलं अल्कोहोल खाण्यासाठी! यीस्टकडे अल्कोहोल डीहायड्रोजनेज या विकराच्या ज्या आवृत्त्या असतात, त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. एडीएच१ ही ॲसिटाल्डिहाइडचं अल्कोहोल करते, तर एडीएच२ ही अल्कोहोलचं पुन्हा ॲसिटाल्डिहाइड करते. समोर ग्लुकोज असेपर्यंत दुसरी आवृत्ती बंद राहते. ते संपलं की चालू होते. मग ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट, त्याचं ॲसिटिल को-एन्झाइम ए, आणि तिथून पेशीला ऊर्जा काढून देणाऱ्या क्रेब्स चक्रात रवानगी. शेवटच्या टप्प्यात इलेक्ट्रॉन स्वीकारायला ऑक्सिजन हवाच, म्हणून तर हा सगळा वर येण्याचा खटाटोप. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या आपलं यकृतही चढतं. दारू प्यायल्यावर येणाऱ्या मळमळीत त्या ॲसिटाल्डिहाइडचा वाटा असतो. शेरीत ते लिटरला काही शे मिलिग्रॅम साठतं आणि फिनो या फिक्या शेरीला हिरव्या सफरचंदाचा, कच्च्या बदामाचा तो ओळखीचा वास येतो. यीस्ट ग्लिसरॉलही फस्त करतं. साध्या वाइनमध्ये ते लिटरला सात-आठ ग्रॅम असतं, मुरलेल्या फिनोत एक ग्रॅमच्या खाली जातं. ग्लिसरॉल जिभेला मऊपणा देतं, ते गेलं म्हणून फिनो इतकी कोरडी लागते. आणि वरून येणारा ऑक्सिजन साय स्वतःच गिळत असल्याने खालची वाइन वर्षानुवर्षं हवेशेजारी राहूनही तपकिरी पडत नाही.

सायीचं हे पीक नाजूक आहे. वाइनमध्ये द्राक्षाचंच मद्यार्क मिसळून अल्कोहोल १५ टक्क्यांवर आणतात. त्याहून बरंच कमी असेल तर व्हिनेगर करणारे जिवाणू घुसण्याची भीती, आणि १७ टक्के झालं तर फ्लोर मरते. (मुद्दाम १७ च्या वर नेऊन, साय न धरू देता हवेत मुरवलेली ती ओलोरोसो.) ६०० लिटरच्या पिंपात ५०० लिटरच भरतात, म्हणजे सायीला श्वास घ्यायला जागा राहते. बोदेगाची छतं उंच, खिडक्या भिंतीत पार वर, त्यांवर गवताचे पडदे, जमिनीवर वाळू, आणि उन्हाळ्यात त्या वाळूवर पाणी शिंपडतात. ‘पोनिएन्ते’ हा समुद्रावरचा दमट वारा आत घ्यायचा, पूर्वेचा कोरडा तापट ‘लेवान्ते’ बाहेर ठेवायचा. सानलूकार समुद्रकाठी, ग्वादाल्किविर नदीच्या मुखाशी आहे, म्हणून तिथली साय वर्षभर जाड राहते. तिथल्या शेरीला मान्सानिया असं वेगळं नाव आहे. नमुना काढायला लांब लवचीक दांडीची अरुंद वाटी, ‘वेनेन्सिया’, वापरतात. ती एका झटक्यात सायीतून खाली जाते आणि मधली स्वच्छ वाइन घेऊन वर येते, साय फारशी फाटत नाही.

बाटलीत भरताना मात्र ही साय गाळून टाकतात आणि राखणदार गेलेला असतो. फिनो विकत घेतली तर ती थंड करून लवकर संपवावी. कपाटात जपून ठेवलेली फिनो उतरत जाते.

सायीला खायला देत राहावं लागतं, आणि इथे सोलेरा येते. पिंपांच्या अनेक पायऱ्या असतात. विक्रीची वाइन सर्वांत जुन्या पायरीतून काढतात, पण पिंप रिकामं करत नाहीत. काढली तेवढी वाइन वरच्या पायरीतून भरतात, तिथली तूट तिच्या वरच्या पायरीतून, आणि अगदी वर नवी वाइन. या फेऱ्यात ताज्या वाइनसोबत पोषक द्रव्यं खाली पोचतात आणि साय वर्षानुवर्षं जगते. भरताना नळी सायीखाली नेऊन हळूहळू ओततात. हा पुरवठा थांबला की साय मरते, वाइनला हवा लागते, ती अंबरी होते, आणि फिनोची आमोन्तियादो होते.

समजा दरवर्षी पिंपाचा पाव भाग काढला. तर मूळची वाइन दरवर्षी तीन-चतुर्थांश उरते. शंभर वर्षांनी पाऊण गुणिले पाऊण असं शंभरदा. ५०० लिटरच्या पिंपात मूळ वाइन उरते एका थेंबाचा सुमारे तीन लाखावा भाग. तरी रेणू मोजायला गेलात तर लाखो अब्ज सापडतील, आणि वाइन म्हणजे निव्वळ पाणी धरलं तर शेवटचा एकच रेणू उरायला सव्वादोनशे वर्षं लागतील. होमिओपॅथीच्या ‘३०सी’ गोळीत हेच विरलीकरण एकावर साठ शून्यं इतकं असतं. सोलेरातल्या जुन्या वाइनबद्दल निदान ‘आहे’ एवढं तरी खरं म्हणता येतं; गोळीबद्दल तेही नाही.

सरासरी वयाचा हिशोब सोपा आहे. दरवर्षी पाव भाग काढला तर प्रत्येक पायरी सरासरी वयात चार वर्षांची भर घालते. चार पायऱ्या असतील तर बाहेर येणारी वाइन सरासरी सोळा वर्षांची. याचंच दुसरं रूप म्हणजे एकूण साठा भागिले वर्षाची विक्री. २,००० लिटर साठा, १२५ लिटर विक्री, उत्तर पुन्हा सोळा. रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात. बाष्पीभवनाची घट यात धरलेली नाही.

२००० साली हेरेसच्या नियामक मंडळाने वीस आणि तीस वर्षांहून जुन्या शेरीसाठी प्रमाणपत्रं सुरू केली. त्यासाठी तज्ज्ञ चव घेतात, कार्बन-१४ ची चाचणी होते. पण मला सर्वांत आवडते ती साठ्याची अट: तीस वर्षांच्या प्रमाणपत्राखाली एक लिटर विकायचा, तर बोदेगात त्या वाइनचा किमान तीस लिटर साठा हवा.