शिक्षणकाळातील पोटगी

पती-पत्नींपैकी एक जण शिकत असताना दुसऱ्यावर येणारी खर्चाची जबाबदारी. भारतात तिच्यासाठी वेगळा कायदा नाही. पोटगीच्या सर्वसाधारण कायद्यांतूनच ती ठरते. ‘पोटगी’ या शब्दात पोट असले, तरी हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या व्याख्येनुसार निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचारांबरोबर शिक्षणही येते. त्यामुळे वेगळी राहून बी.एड. किंवा नर्सिंग करणारी पत्नी फी आणि वसतिगृहाचा खर्चही मागू शकते.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 24 खाली दावा चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी पतीलाही मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125) मात्र दोघांपैकी फक्त पत्नीला तो हक्क आहे.

‘ती पदवीधर आहे, कमवू शकते’ हा पतीच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बण्णा खटल्यात सांगितले. रजनेश विरुद्ध नेहा (2020) हा निकाल त्याही पुढे गेला. संसारासाठी नोकरी सोडलेल्या स्त्रीला अनेक वर्षांनी पुन्हा काम मिळवायचे तर नव्याने प्रशिक्षण घ्यावे लागते, याची त्याने दखल घेतली. पोटगीच्या इतिहासातली ही मोलाची नोंद आहे.

उलट बाजू अजून उपेक्षितच आहे. नवरा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. अभ्यासिका, मेस आणि खोलीभाडे गावाकडे बायकोच्या पगारातून भागते. पुढे त्याला पद मिळाले आणि संसार मोडला, तर ती वर्षे कर्ज म्हणून वसूल करण्याची तरतूद नाही. पोटगी ठरवताना तो फार तर एक मुद्दा होतो. न्यूयॉर्कमध्ये 1985 साली न्यायालयाने लग्नानंतर मिळवलेला वैद्यकीय परवाना वैवाहिक मालमत्ता मानून पत्नीला त्यात वाटा दिला होता. पुढे कायदा बदलून ती वाटही बंद झाली.

दागिन्यांचे तसे नाही. स्त्रीधन पूर्णपणे पत्नीचे. अडचणीत पतीने ते वापरले, तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा बजावले. म्हणून क्लासच्या फीसाठी पाटल्या मोडल्या असतील, तर सराफाची पावती जपून ठेवावी.