हडूपला ओळखपत्र कसं मिळालं

मोठ्या कंपनीत नवा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनचा ताफा, बसवायचा म्हटलं की बैठकीत चर्चा रंगते ती नोड (त्यातली मशीन) किती, डिस्क किती, वेग किती याची. काम मात्र भलतीकडेच अडतं. हे काम पाठवणारा माणूस नक्की कोण, हे त्या शेकडो मशीनना कसं पटवायचं? प्रचंड डेटा अशा मशीनवर वाटून साठवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा प्रश्न सुटायला काही वर्षं गेली.

गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर आणि २००४ मध्ये मॅपरिड्यूस या काम अनेक मशीनवर वाटून करण्याच्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केले. डग कटिंग आणि माइक काफरेला तेव्हा नच नावाचं सर्च इंजिन बांधत होते. या कल्पना वापरून त्यातून २००६ मध्ये हडूप वेगळं झालं आणि त्याच वर्षी कटिंग याहूत गेले. डेटा होता वेबवरून गोळा केलेल्या पानांचा, म्हणजे मुळातच जगजाहीर. वापरणारे एकमेकांना ओळखणारे इंजिनिअर. दाराला कुलूप कशाला हवं? २००८ मध्ये याहूच्या ९१० नोडच्या क्लस्टरने एक टेराबाइट डेटा २०९ सेकंदांत क्रमाने लावला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं.

त्याच वर्षी फायलींना युनिक्सच्या धर्तीवर परवानग्या आल्या, पण वापरकर्त्याच्या मशीनने जे नाव सांगितलं तेच खरं धरलं जाई. ज्या नावाने नेमनोड (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारा मुख्य सर्व्हर) चालू केलाय, त्या नावाचं खातं स्वतःच्या लॅपटॉपवर उघडलं की तुम्ही सर्वाधिकारी! या परवानग्या चुकून होणारी पुसापुशी टाळण्यापुरत्या होत्या. पगार किंवा ग्राहकांची खाती असा डेटा अशा ठिकाणी ठेवायला कुठला ऑडिटर होकार देईल?

२००९ मध्ये याहूतल्या मंडळींनी उपाय आखला आणि ओळख पटवण्यासाठी कर्बेरॉस निवडलं. एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातली ही पद्धत. ओळखीच्या डिजिटल सर्टिफिकेटच्या तुलनेत तिची गणितं हलकी, आणि माणूस नोकरी सोडून गेला की एका ठिकाणी नाव काढलं की झालं. पण एक मेख होती. एका जॉबची हजारो टास्क एकदम सुरू होतात. प्रत्येकीने कर्बेरॉसच्या सर्व्हरकडे तिकीट, म्हणजे ओळखीचा तात्पुरता पुरावा, मागितलं तर तो बिचारा आपल्याच माणसांच्या गर्दीखाली आडवा. म्हणून डेलिगेशन टोकन आलं: माणसाने एकदा ओळख पटवायची, नेमनोडकडून टोकन घ्यायचं आणि टास्कनी त्यावर काम भागवायचं. ठरावीक सेटिंगमध्ये ते दिवसाला नूतनीकरण करून सात दिवसांपर्यंत चालतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार कल्पना हीच. डिसेंबर २०११ मधल्या हडूप १.० मध्ये ही सुरक्षा होती.

खरी ओढाताण त्यानंतरची. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीतल्या खात्यांच्या नोंदवहीत, कर्बेरॉस आहेच, त्यामुळे कागदावर दोन्ही टोकं जुळत होती. पण हडूपला प्रत्येक नोडवरच्या प्रत्येक सेवेसाठी वेगळं नाव आणि त्या नावाची गुप्त किल्ली ठेवणारी वेगळी कीटॅब फाइल लागते. शंभर नोडना अशी काहीशे नावं, आणि ती डिरेक्टरीत घालायला तिथले अ‍ॅडमिन सहसा राजी नसत. मग बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग निघाला: सेवांसाठी क्लस्टरचा स्वतःचा कर्बेरॉस सर्व्हर, माणसांसाठी कंपनीची डिरेक्टरी, आणि दोघांत एकतर्फी विश्वास, म्हणजे डिरेक्टरीने पटवलेली ओळख क्लस्टरने मान्य करायची. टास्क त्या-त्या माणसाच्या नावाने चालवायची, तर त्याचं लिनक्स खातंही प्रत्येक नोडवर दिसायला हवं. वर घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नामंजूर, आणि एरर असा यायचा की घड्याळाकडे बघायचं सुचणारच नाही.

डेटाबेसमधून डेटा आणायला २००९ पासून स्कूप नावाचं साधन होतं. ती बाजू तुलनेने लवकर रुळली.

पुढे कंपन्या कुबरनेटिसकडे, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणाऱ्या वेगळ्या प्रणालीकडे, वळल्या. डेटावर प्रक्रिया करणाऱ्या स्पार्कच्या २.३ आवृत्तीने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यावर थेट चालायला सुरुवात केली, पण कर्बेरॉस असलेल्या हडूपशी तिथून बोलण्याची सोय आली २०२० च्या ३.० आवृत्तीत.