मोहोळ झाडण्यापासून मोहोळ हलवण्यापर्यंत

पचमढीच्या डोंगरात खडकावरची जुनी चित्रं आहेत. त्यांत शिडीवर चढून मोहोळ काढणारी माणसं दिसतात. पचमढी ही इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती, आणि मूळ राजधानी आपलं नागपूर. म्हणजे मध काढण्याची ही रीत आपल्या अंगणातलीच. पुढे कितीतरी पिढ्या तिच्यात फारसा फरक पडला नाही. काळोखी रात्र, पेटती चूड, धूर, आणि सकाळी झाडाखाली जळलेल्या माश्यांचा सडा. याला ‘मोहोळ झाडणं’ म्हणतात. ‘वाचवणं’ हा शब्द फार उशिरा आला.

तो आला तो पेटीमुळे. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये ठराविक फट ठेवली तर माश्या ती मेणानं बुजवत नाहीत. त्यातून सुट्या चौकटींची पेटी निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत फादर न्यूटन यांनी आपल्याकडच्या, बंद पोकळीत पोळी बांधणाऱ्या सातेरी माशीच्या मापाची लहान पेटी केली. इकडे वर्ध्यात मगनवाडीला 1934 मध्ये गांधीजींचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि चरखा-घाणीच्या सोबतीनं मधमाशीपालनही कामाला लागलं. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था 1962 ची. या सगळ्यांना हवा होता मध. वसाहत हलवता येते, हा त्या खटपटीतला आडफायदा.

पेटीनं हे कसं जमतं, ते एका जानेवारीत नागपूरच्या प्रतापनगरात बंद पडलेल्या मीटरपेटीपाशी पाहिलं. आत सातेरीची पोळी एकाशेजारी एक लटकलेली. पेटीवाल्या पोरानं एकेक पोळं सुरीनं सोडवलं, अंडी-अळ्यांचा भाग चौकटीत बसवून साध्या सुती दोऱ्यानं बांधला. मधाचा भाग वेगळा ठेवला, कारण तो गळतो आणि मुंग्या लागतात. राणी पेटीत गेली, तशा दाराशी बसलेल्या माश्या शेपटी वर करून पंख हलवू लागल्या. ‘आता बाकीच्या येतीन पाहा काका,’ तो म्हणाला. अंधार पडेस्तोवर आल्याच. रात्री पेटी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत गेली. आंबिया बहाराची फुलं तेव्हाच निघतात. त्याच गल्लीत पेटी ठेवली असती तर मध आणायला गेलेल्या माश्या सवयीनं जुन्या भिंतीवरच परतल्या असत्या.

फुलोरी माशीचं काम त्याहून सोपं. तळहाताएवढं एकच पोळं. फांदीसकट कापायचं आणि दुसऱ्या सावलीच्या झाडाला बांधायचं.

मोहोळ हलवून द्या म्हणून लोकांचा फोन येतो तो मात्र बहुधा आग्या माशीसाठी, आणि इथे पेटीची सगळी विद्या थांबते. आग्या उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते, पेटीत नांदत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं तिच्यासाठी वेगळी वाट काढली. अंगभर पोशाख घालायचा आणि पोळ्याचा फक्त मधाचा कोपरा कापायचा. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांचा भाग, तसाच ठेवायचा, माश्या तो भाग पुन्हा बांधतात. माझ्या मते विदर्भाच्या मधाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, पण शहरात ती कमी कळली. गच्चीवर मोहोळ दिसलं की आजही औषध फवारायला माणूस बोलावतात. ‘हलवून देतो’ म्हणत आग्याला नुसतं हुसकावणारेही आहेत. त्याला हलवणं म्हणू नये.

आग्या मुळात पाहुणी. पावसाळा सरला की येते, फुलोरा ओसरला की जाते. तोवर त्या बाजूचा दिवा बंद ठेवायचा, खाली दोरी बांधून वाट अडवायची, एवढंच हातात असतं. आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीखाली सिमेंटवर मेणाचा काळपट पट्टा राहिला आहे. पुढच्या हिवाळ्यात पोळं लागलं ते बरोब्बर त्याच पट्ट्यावर.