थंड गाडीला रेस पिळली की लवकर स्टार्ट होते? उलटंच आहे भाऊ

डिसेंबरात नागपूरचा पारा १० च्या खाली गेला की मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एकच सीन, पोट्टा नवीन स्वस्तातली १२५ सीसी डर्ट बाईक घेऊन किक मारून राहिला, रेस पिळून राहिला आणि बाजूचा काका सांगून राहिला "अजून पिळ, पेट्रोल जाऊ दे आत". हे ऐकून ऐकून कान किटले.

साध्या कार्बोरेटरमध्ये (हवा अन् पेट्रोल मिसळणारा भाग) नुसती रेस पिळून पेट्रोल आत जात नाही. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने जेटमधून (बारीक भोकाची नळी) पेट्रोल वर येते. किक मारताना रेस पिळून थ्रॉटल (हवेची झडप) उघडलं की ती ओढच कमी होते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. काही कार्बोरेटरमध्ये पंप असतो, पिळलं की पिचकारी उडते, काकाच्या जुन्या गाडीत असेल तसा, पण या बजेटवाल्या गाड्यांत बहुतेक नसतो.

मग करायचं काय तर पेट्रोल कॉक म्हणजे टाकीखालची चावी ऑन (हसू नका, अर्धे जण इथेच फसतात), चोक लावा (त्याने थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते), रेस बंद, चार-पाच किक. गरम झाली की चोक काढा, नाहीतर स्पार्क प्लग पेट्रोलने ओला होतो.

चोकवरच चालते आणि काढला की बंद पडते? बहुतेक पायलट जेट (रेस बंद असताना पेट्रोल देणारा) तुंबला आहे, त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरहून बारीक असतं, गाडी नवीन असली तरी उभ्या उभ्या पेट्रोल चिकट होऊन ते बुजतं. क्लीनर मारा अन् हवेने फुंका, तार घालू नका बाप्पा, भोक मोठं होते.