फ्यूज : घरातला आणि डीपीवरचा

फ्यूज म्हणजे विद्युतमंडलात मुद्दाम ठेवलेली सर्वांत कमकुवत जागा. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला की तिथली तार तापून वितळते आणि पुरवठा तुटतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. त्यामुळे थोड्याशा जादा भारावर फ्यूज बराच वेळ तग धरतो, शॉर्टसर्किट झाले की मात्र क्षणात उडतो. टॉमस एडिसन यांनी आपल्या वीजवितरण व्यवस्थेचा भाग म्हणून फ्यूजचे पेटंट १८९० मध्ये घेतले.

नव्या घरांत त्याची जागा एमसीबीने (जादा प्रवाहावर आपोआप पडणाऱ्या स्विचने) घेतली असली, तरी जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत मीटरशेजारी पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज अजून सापडतो. वायरमन त्याला ‘किटकॅट’ म्हणतात. खालचा भाग पाटीवर पक्का बसवलेला, वरचा हाताने उपसता येणारा, आणि त्याच्या दोन स्क्रूंमध्ये कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार. रूढ मापांनुसार ०.२ मिमी जाडीची तार ५ अँपिअरसाठी, ०.५ मिमीची १५ साठी आणि ०.८५ मिमीची ३० साठी धरतात. हे आकडे तारेने कायम वाहून न्यायच्या प्रवाहाचे आहेत. ती वितळायला साधारण दुप्पट प्रवाह लागतो.

इथेच या स्वस्त फ्यूजची खरी उणीव आहे. डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची सकाळ घ्या. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटचा रूम हीटर आणखी ८.७, इस्त्री ४.३. तिन्ही एकाच मंडलावर चालू असतील तर जवळपास २२ अँपिअर होतात. फ्यूजमध्ये १० अँपिअरची तार असेल तर ती जाते आणि घरातले वैतागतात. १५ ची असेल तर ती बहुधा टिकते, आणि तापत राहते ती भिंतीतली वायर. ‘सारखा फ्यूज उडतो’ म्हणून वायरीतले तांब्याचे दोन-चार धागे पिळून बसवण्याची सवय त्याहून घातक आहे. तारेची जाडी दुप्पट केली की वितळण्याचा प्रवाह दुपटीवर थांबत नाही, जवळजवळ २.८ पट होतो.

उडालेला फ्यूज उपसून पाहिला तर बरेच कळते. तार मधोमध तुटून दोन्ही टोके स्वच्छ राहिली असतील तर भार जास्त झाला होता. चिनी माती काळी पडून तिच्यावर तांब्याचे बारीक मणी उडालेले असतील तर शॉर्टसर्किट: उंदराने कुरतडलेली वायर, पावसाळ्यात ओल धरलेला बोर्ड, भिंतीत ठोकलेला खिळा. तार स्क्रूपाशीच जळाली असेल तर दोष लूज काँटॅक्टचा; तिथे नवी तार टाकून उपयोग नाही, स्क्रू आणि पट्ट्या साफ करून घट्ट कराव्या लागतात. अर्थात हे सगळे मेन स्विच बंद केल्यावर.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एचआरसी, म्हणजे फार मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकणारे फ्यूज लागतात. त्यांच्या बंद नळीत क्वार्ट्‌झची वाळू भरलेली असते. आतली पट्टी वितळताना उठणारी ठिणगी ही वाळू विझवते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फ्यूजची कथा निराळी आहे. शेतीला थ्री-फेज वीज ठराविक तासच मिळते, म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज येताच डीपीवरच्या, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या, साऱ्या मोटारी एकदम उठतात. ५ एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या सहापट. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह ८४ अँपिअर. दहा मोटारी एकाच क्षणी सुटल्या तर मागणी साडेचारशेच्या घरात जाते. व्होल्टेज कोसळते, मोटारी वेग घ्यायला उशीर लावतात, जादा प्रवाह लांबतो आणि डीपीचा फ्यूज जातो.

तोही तिन्ही फेजचा एकदम जात नाही. एकच गेला तर चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, त्यांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढते आणि वायंडिंग जाळून घेते. बंद मोटार नुसती घुमते, उठत नाही. म्हणजे पुरवठा वाचवणारा फ्यूजच इथे मोटार जळण्याचे निमित्त ठरतो. त्यावर उपाय स्टार्टरमध्ये असतो: जादा प्रवाहावर मोटार बंद करणारा, नीट जुळवलेला ओव्हरलोड रिले आणि एक फेज गेला की मोटार थांबवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर. दोन फेजवर मोटार चालवण्यासाठी कपॅसिटरची जोडणी करून प्रिव्हेंटर काढून टाकणारेही आहेत. रिवायंडिंगवाल्यांची दुकाने त्यांच्यावर चालतात.

फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही, हे ग्रामीण भागात अजून पुरते रुजलेले नाही. अंगातून गेलेले ३० मिलिअँपिअर धोक्याचे ठरू शकतात, आणि तेवढ्याने ५ अँपिअरची तार कोमटही होत नाही. ते काम आरसीसीबीचे, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे. डीपीच्या वरच्या बाजूला, ११ केव्हीवर, डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज असतो. तो उडाला की नळी सुटून खाली लोंबते आणि जमिनीवरूनच दिसते. ती पाहून लाइनमनला बोलवावे. खालच्या पेटीतला फ्यूजसुद्धा काठीने उपसण्याच्या भानगडीत शेतकऱ्याने पडू नये.