खराब झालेल्या अर्ली कॉपर नाण्यांचं ग्रेडिंग

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात तांब्याचे हाफ सेंट आणि लार्ज सेंट पाडले, त्यांना नाणेसंग्राहक अर्ली कॉपर म्हणतात. यातली बरीच नाणी आज धड अवस्थेत सापडत नाहीत, कुठे खड्डे, कुठे ओरखडे, कुठे कडेला चेप, कुठे हिरवा कळंक, आणि मग प्रश्न येतो की अशा नाण्याचा ग्रेड, म्हणजे अवस्थेचा दर्जा, ठरवायचा कसा. चांदी-सोन्याच्या मानाने तांबं हवेशी, ओलाव्याशी, मातीशी फार लवकर भांडतं, त्यात ही नाणी वर्षानुवर्षं हातोहात फिरली, काही जमिनीत पुरलेली राहिली, त्यामुळे इथे नुसती झीज बघून भागत नाही.

या ग्रेडिंगचा पाया विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची स्केल आहे. मुळात तो किमतीचा हिशोब होता, म्हणजे एखाद्या व्हरायटीची (एका ठराविक ठशांच्या जोडीने पाडलेल्या प्रकाराची) मूळ किंमत १ डॉलर धरली तर २० ग्रेडचं नाणं २० डॉलरचं, असं. किमतीचं ते गणित फार टिकलं नाही पण आकडे टिकले, आणि आज सगळ्याच नाण्यांना तेच लावतात: जी-४ (गुड), व्हीजी-८ (व्हेरी गुड), एफ-१२ (फाइन), व्हीएफ-२० (व्हेरी फाइन), ईएफ-४० (एक्स्ट्रीमली फाइन), एयू-५० (अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे जवळपास न वापरलेलं), आणि ६० पासून पुढे न वापरलेली नाणी.

खराब नाण्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात, झिजलंय किती आणि दुखावलंय किती, आणि ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, बहुतेक घोळ इथेच होतो. आधी शार्पनेस ठरवतात. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, केसांच्या बटा किती सुट्या दिसतात, कपाळाजवळचा आणि खांद्यावरचा उंच भाग किती सपाट झालाय, मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या पानांच्या शिरा उरल्यात का, हे बघून जो ग्रेड येतो तो शार्पनेस, आणि त्या वेळी खड्ड्यांकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं. मग पृष्ठभागाकडे वळायचं आणि जेवढं नुकसान तेवढे गुण कापायचे, उरतो तो नेट ग्रेड. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अर्ली अमेरिकन कॉपर्स या संग्राहकांच्या क्लबात हीच पद्धत चालते आणि तिथले लोक पैसे घेऊन ग्रेड ठरवून देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांपेक्षा हात आखडूनच ग्रेड देतात.

उदाहरण घ्यायचं तर समजा १८०७ चा ड्रेप्ड बस्ट सेंट आहे, म्हणजे खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीचा. खांद्यावरच्या वस्त्राच्या चुण्या दिसतात, केसांच्या खालच्या बटा सुट्या आहेत, म्हणजे शार्पनेस व्हीएफ-२० म्हणू. पण दिव्याखाली तिरका धरून हळूहळू फिरवला की चमक तुटक तुटक येते, भिंगातून बघितलं की सगळीकडे बारीक छिद्रं, आणि तारखेखाली कडेला एक चेप. छिद्रं बारीक आणि एकसारखी असतील, रंग छान चॉकलेटी असेल तर नेट एफ-१२ पर्यंत खाली येऊन थांबता येतं, पण तीच छिद्रं खोल आणि काळी पडलेली असतील तर व्हीजी-८ म्हणजे सुद्धा मेहेरबानी. किती कापायचं याचं पक्कं कोष्टक नाही, दोन जाणकारांचे आकडे वेगळे येतात आणि ते गैर नाही.

ओरखडा कुठे आहे याला फार महत्त्व. चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेतला एक ओरखडा केसांत लपलेल्या तीन ओरखड्यांपेक्षा जास्त खटकतो. जुना, नाण्याच्याच रंगाचा झालेला ओरखडा परवडला, ताजा गुलाबी-लाल नाही. हिरवा कळंक अजून जिवंत असेल, म्हणजे तांबं अजून खात असेल, तर तो आजच्यापेक्षा उद्या जास्त नुकसान करणार, त्यामुळे नाणं झायलॉल या द्रावकात ठेवून मग लाकडी टोकाने अलगद काढायचा प्रयत्न करतात. घासून साफ केलेलं नाणं मात्र जवळजवळ कायमचं बिघडतं, नैसर्गिक तपकिरी थर गेला की उरतो तो उघडा केशरी रंग, मग कोणी ते पुन्हा गडद करतात, आणि असा मुद्दाम आणलेला रंग सपाट आणि निर्जीव दिसतो.

टांकसाळीतूनच आलेले दोष वेगळे धरायचे. सुरुवातीच्या वर्षांत चांगल्या तांब्याची ओढाताण होती, भंगार तांबंसुद्धा वापरलं, त्यामुळे कोऱ्या चकतीतच भेगा आणि पापुद्रे असायचे. डायला, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या साच्याला, गेलेला तडा, कमजोर पडलेला ठसा हेही नाण्याचं नुकसान नव्हे. १८०८ ते १८१४ चे क्लासिक हेड (ड्रेप्ड बस्टनंतरची रचना) सेंट तर बहुतेक गडद आणि सच्छिद्रच मिळतात, त्यात गुळगुळीत तपकिरी नाणं दिसलं तर ते खरंच मोलाचं.

वजनही करून बघावं. १७९५ च्या शेवटी सेंटचं वजन १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ ग्रॅमवर आणलं होतं, आणि जमिनीत खूप गंजलेलं नाणं याहून बरंच हलकं भरतं. १७९९ चा सेंट दुर्मीळ असल्यामुळे १७९८ च्या शेवटच्या आकड्याला कोरून त्याचा ९ केलेला असतो, म्हणून खडबडीतपणा नेमका तारखेभोवतीच दिसला तर ग्रेडचा विचार नंतर, आधी अक्षरांच्या जागा माहीत असलेल्या डायशी ताडून बघायच्या.

पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या खराब नाण्याला बहुधा आकडा देत नाहीत, 'व्हीएफ डिटेल्स' (झीज व्हीएफइतकी, पण नाणं खराब) असं लिहून कारण देतात. हे प्रामाणिक आहे पण अपुरं आहे, कारण हलक्या छिद्रांचं नाणं आणि चाळण झालेलं नाणं दोन्ही एकाच लेबलखाली येतात. नेट ग्रेडमध्ये हा फरक दिसतो. व्हरायटी दुर्मीळ असली तर लोक खराब नाण्यालाही भरपूर पैसे मोजतात, पण त्यामुळे ग्रेड वाढवायचा नसतो, आणि एखाद्या व्हरायटीच्या सर्वोत्तम नाण्यांची जी कंडिशन सेन्सस यादी करतात तिच्यातही जाणकार नेट ग्रेडच धरतात.